दाखल्यावरची सही

ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनारी पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो आणि रजा घेऊन लेकीकडे, दुबईतल्या सिलिकॉन ओएसिस वसाहतीत गेलो होतो. लिफ्टपाशी शेजारच्या बाईंनी मला गाठलं. त्या आमच्याच बाजूच्या, कोकणी मुसलमान घरातल्या.

"साहेब, तुम्ही पोलिसात ना? तिसऱ्या मजल्यावर गणिताचा क्लास घेतो, त्याला माझ्या लहान भाचीशी गैरवर्तन केल्याच्या केसमध्ये शिक्षा झालीय. काल पार्किंगमध्ये बघितला, लगेच ओळखला."

माझी नात त्याच क्लासला जायची. तिला सहज विचारलं, तर म्हणाली, "ही इज नाइस, आजोबा."

ठाण्यात फोन करून हवालदाराला नाव दिलं. तासाभरात उत्तर आलं. शिक्षा खरी होती, शेजारच्या तालुक्यातली. भोगून सुटला होता.

तिथे मला कसलाच अधिकार नव्हता. तरी त्याला खालच्या कॅफेटेरियात चहाला बोलावलं. खोटं बोलणारा बहुधा आधी चिडतो. हा चिडला नाही.

"शिकवायच्या परवानगीला चारित्र्याचा पोलीस दाखला लागला असेल. कुठून मिळवलास?"

"तुमच्याच ठाण्यातून, साहेब. गावात कुणी राहू देईना, म्हणून तुमच्या हद्दीत वर्षभर खोली घेतली होती."

त्याने मोबाइलवर दाखला दाखवला. खाली माझी सही. आम्ही फक्त आमचं रजिस्टर बघितलं होतं. देशभरातल्या लैंगिक गुन्हेगारांची नोंद पोलिसांच्या संगणकावर असते, ती उघडायची तसदी कुणी घेतली नव्हती. मीही नाही.

त्याच दुपारी बाईंसोबत तिथल्या पोलिसांकडे गेलो. माझ्या सहीचंही सांगितलं. अशा शिक्षेनंतर मुलांमध्ये काम करायला तिथला कायदा मनाई करतो. क्लास बंद झाला. लेक नातीशी बराच वेळ बोलली. सुदैवाने काही घडलं नव्हतं. त्याला भारतात परत पाठवण्यात आलं. मी वरिष्ठांना लेखी खुलासा दिला, ताकीद मिळाली.

महिन्याभराने तो माझ्याच ठाण्यात उभा. "खोली मिळत नाही, साहेब. नाव बदलून राहू का?"

नाव बदललं, तर नोंद असूनही तो कुणाला सापडला नसता. बंदरातल्या बर्फ कारखान्याच्या मालकाला सगळं सांगून त्याची तिथे सोय लावली. वस्ती, शाळा लांब. अधूनमधून स्वतः जाऊन बघायचो.

बाईंना दुबईला फोन करून त्याचा पत्ता कळवला. त्यांनी विचारलं, "आणि तुमची बदली झाल्यावर?"

फोन ठेवून मी पुढच्या अधिकाऱ्यासाठी त्याचं नाव आणि पत्ता ठाण्याच्या रजिस्टरात लिहून ठेवला. मुलांची सुरक्षितता एखाद्या अधिकाऱ्याच्या आठवणीवर सोडता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.