टाळकऱ्यांनी अडवलेली तिसरी ओळ

माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि गिटारही मी कोणाच्या क्लासात जाऊन शिकलेलो नाही, हे आधीच सांगतो. सातपूरच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेल्या एका गोऱ्या साहेबाने जाताना एक कॅसेट दिली होती, ती ऐकून शिकलो. अमेरिकेत कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या मजुरांचं जुनं गाणं, ब्लूज. एक माणूस, एक गिटार, बस्स. अंगठ्याने जाड तारांवर ठेका धरायचा, बाकीच्या बोटांनी चाल वाजवायची आणि दुसऱ्या हाताच्या करंगळीत बाटलीची कापलेली मान घालून ती तारेवरून घसरवायची. अंगठा थांबला की गाणं मेलं. आजही मी तसंच वाजवतो. ना स्पीकर, ना वायर.

बायकोला ते रडगाणं वाटतं. म्हणाली, "गुरुवारी भजनात वाजवून दाखवा. लोक उठून गेले, तर गिटार माळ्यावर."

"ठरलं," म्हटलं. माघार घ्यायची मला सवय नाही.

कॉलनीच्या देवळातले बुवा म्हणाले, "तात्या, भारुडाच्या वेळेला घ्या. पण मराठीत हं!"

मराठीतच बांधलं. ब्लूजची रीत अशी, की पहिली ओळ आपणच दोनदा म्हणायची आणि तिसरीने तिला उत्तर द्यायचं.

गुरुवारी अंगठा चालू केला आणि म्हटलं, "वरती धरण भरलं, नळाला माझ्या पाणी नाय!"

दुसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडतो, तोच टाळकऱ्यांनी ओळ उचलली. भजनाची सवय त्यांना. मी म्हटली की ते म्हणणार, थांबायचं नाव नाही. पखवाजवाल्याने तर लय चढवली. थांबवू कसा? दोन्ही हात गुंतलेले. मान हलवली, तर त्यांना वाटलं दाद देतोय.

"अजून जोरात, तात्या!" बुवा ओरडले.

उठून कोणी जात नव्हतं, पण गाणंही पुढे जात नव्हतं. अर्धं गाणं वाजवून जिंकलो म्हणणं आपल्याला जमत नाही. अंगठा सोडला नाही.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने खणखणीत आवाज आला, "शेजारी गाडी धुतोय, मला आंघोळ नाय!"

माझीच बायको. रोज ऐकून पाठ झालेलं. अख्खं देऊळ हसलं, शेजारीसुद्धा. टाळ थांबले, आणि मी बाटलीची मान तारेवरून सुर्रकन घसरवली.

घरी येताना ती म्हणाली, "माळ्यावर जागाच नाही. पण तिसरी ओळ मीच म्हणणार."

"यात एकट्यानेच म्हणायची रीत आहे."

"मग म्हणा एकटे. बघू टाळकरी म्हणू देतात का."

आता दर गुरुवारी ती म्हणते. रीत मी मोडलेली नाही. गिटार अजून एकटाच वाजवतो.