नागाबाईची धुरी

हदगावात कुणाची लेक बाळंतपणाला माहेरी आली की पहिला निरोप नागाबाईला जायचा. बाळाला मालीश, अंघोळ, मग बाजेखाली शेगडी. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग. दार-खिडकी बंद. धूर बाहेर गेला तर धुरीचा उपयोग काय, असं ती म्हणायची. बाळंतीण सव्वा महिन्यानं त्या खोलीतून सुटे. नागाबाई पुढच्या घरच्या धुरात जाऊन बसे. तिचा उभा जन्म असाच गेला.

खोकला मागं लागला तेव्हाही तिनं धुरीच घेतली, डोक्यावरून चादर ओढून. दम वाढला. बेडका पिवळा झाला, मग हिरवट. मुलगा सुदाम तिला नांदेडला घेऊन गेला.

डॉक्टरीणबाईंनी नळीत फुंकायला लावलं, बेडका तपासायला पाठवला.

"मावशी, बिडी ओढता?"

"न्हाई बाई. चूल हाय, अन् धुरी."

"श्वासनळीत बारीक केस असतात. ते कफ वर लोटत राहतात. धुरानं तुमचे निकामी झालेत. कफ आतच साचतो आणि जंतू तिथं मुक्काम करतात. गोळ्यांनी कमी होतील, पण पुन्हा वाढू शकतात. धूर बंद करा. आणि खोकला आहे तोवर तान्ह्या बाळाजवळ जाऊ नका."

"माझी नात आलीया बाळंतपणाला," नागाबाई म्हणाली. पणतवंडाला आपल्या हातानं न्हाऊ घालायचं, एवढंच तिचं राहिलं होतं.

घरी शेजारची चांगुणा नातीच्या बाजेखाली शेगडी पेटवूनच बसली होती.

"ये मावशे! डॉक्टरनं सुई टोचली का न्हाई?"

"धुरी नको म्हनली ती. दार उघड."

"उघड्या दारात कसली धुरी?"

"नकोच. सुदाम, शेगडी भाईर ने."

चांगुणा हसली. "मला तूच शेकलीस की. मेले का मी?"

"मेली न्हाईस. तोंड तर लई चालतंय."

नात राजकन्या बाजेवरून दोघींकडे बघत राहिली. चांगुणाचं हसू हळूहळू गेलं. तिचा धाकटा लहानपणापासून दम्याचा होता.

"मावशे, मग माझ्या लेकराला दिलीस ती?"

नागाबाई उंबऱ्याबाहेर, तोंडाला पदर लावून उभी होती. "ठाऊक न्हाई," ती म्हणाली. खरंच तिला ठाऊक नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटेना.

चांगुणानं अंघोळीच्या पाण्याची बादली जवळ ओढली. मग तिनं पाय पसरले, बाळाला पायांवर घेतलं.

"मान धर," नागाबाई बाहेरून म्हणाली. "कानात पानी जाऊ देऊ नको."

"येतंय मला."

नागाबाई ओट्यावर जाऊन बसली. आत बाळ रडायला लागलं. पाणी जास्त कढत झालं असेल, तिच्या मनात आलं. ती उठली नाही.