आईने उशिरा सोडलेलं उदक

देवावरचा विश्वास उडाला होता असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. आईने मला दिलेली किडनी काही वर्षं छान चालली आणि आता बंद पडायला निघाली होती. रक्तातलं क्रिएटिनिन बदलापूरच्या फ्लॅटच्या भावासारखं चढत होतं. डॉक्टर म्हणाले, भरती व्हा. मी म्हटलं, सोमवारी येतो. कुठल्या सोमवारी, ते सांगितलं नाही.

कारण आई. घरात आम्ही दोघंच. रोज चहाच्या आधी ती विचारायची, "माझी कशी आहे रे?" माझी म्हणजे किडनी. सासरी गेलेल्या लेकीची चौकशी करावी तशी. थापा मारण्यात अख्ख्या अंबरनाथ एमआयडीसीत माझा हात धरणारा कोणी नाही. मी सांगायचो, "डॉक्टर म्हणतात, असली किडनी जपानला नमुना म्हणून पाठवायला हवी." ती हसायची आणि मिठाची बरणी आणखी वीतभर लांब सरकवायची. तिचा तुकडा माझ्या आत मरतोय, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

एकदा शिफ्ट सुटल्यावर अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो. तिथला गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. पिंडीपुढे म्हटलं, "तूच सांग तिला. माझ्याने होत नाही." परत चढायला गेलो तर पाय उचलेनात. सूज अशी, की हत्तीने माझी पँट मागून नेली असती. मधल्या पायरीवर बसकण मारली. मागून उल्हासनगरच्या एक सिंधी मावशी येत होत्या. त्यांनी काही न विचारता माझ्या घोट्यावर अंगठा दाबला. पडलेला खळगा भरेना.

"मेरे घरवाले को भी ऐसा ही था," त्या म्हणाल्या. "घर में किसको पता है?"

"किसी को नहीं."

"तो चल."

मी नाही-नाही म्हणेपर्यंत त्यांनी मला रिक्षात कोंबलं, पत्ता वदवून घेतला, बदलापूरला दारात उभं केलं आणि आईला म्हणाल्या, "बहन, इसके पैर देखो. झूठ बोल रहा है तुमसे." पाणीही न घेता गेल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

आई माझ्या पायांकडे बघत राहिली. रडली नाही.

"बंद पडतेय?"

"हो."

ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. "लग्नात बाप उदक सोडतो, तेव्हा कुठे लेक दिली जाते," ती म्हणाली. "मी दिली म्हणाले, पण सोडली नाही. माझी माझी करत बसले. हात पुढे कर." तिने आपल्या तळहातावरून माझ्या ओंजळीत पाणी सोडलं. "आता तुझी. राहो, जावो. मला जाब द्यायचा नाहीस."

दुसऱ्या दिवशी भरती झालो. किडनी वाचली नाही. इथे चमत्कार रंगवायला मला कितीसा वेळ लागला असता? पण या एका गोष्टीत थाप मारवत नाही. मी देवाकडे किडनी मागितलीच नव्हती, आणि जे मागितलं ते त्याने रिक्षा करून घरपोच दिलं. बाकीचं त्याच्यावर सोडलं आहे.

आता डायलिसिसला आई सोबत येते आणि खुर्चीत बसल्या बसल्या झोपते. तिचं घोरणं कर्जतपर्यंत जात असणार. किडनी दिली त्या ऑपरेशननंतर इतकी गाढ झोपलेली मी तिला पाहिली नव्हती. माझ्या एका हातात सुया असतात, म्हणून दुसऱ्या, मोकळ्या हातानेच नमस्कार करतो. तेवढा पोचत असावा.