अंडीमावशी उतार उतरते

अंडीमावशीला गाडी चालवताना पाहिलं की वाटतं, ही बाई रुसलेल्या सुनेची समजूत काढते आहे. "हळू गं बाई, कुणी मागे लागलंय का?" असं ती गाडीला म्हणते. गाडी जुनी, हाताने गिअर टाकायची, पण इंजिनाचा जोर चारही चाकांना पुरवणारी. टेकडीवरच्या आपल्या कोंबड्यांची अंडी खालच्या बेकरीत पोचवायला मावशीने साठीत ती घेतली आणि मगच चालवायला शिकली. शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्या दिवशी पाय आखडून घेतले, ते म्हणे अजून सरळ झालेले नाहीत.

गेल्या महिन्यात मात्र फजिती झाली. चारही चाकं ओढतात, त्या अर्थी थांबवतीलही चौपट, असा मावशीचा समज. ओल्या उतारावर ऐटीत निघाली, ऐन वळणात ब्रेक दाबला आणि गाडी साबणाच्या वडीसारखी घसरत शेजाऱ्याच्या कुंपणात शिरली. कुणाला खरचटलंही नाही, पण बातमी मुलाकडे पोचली. मुलगा विमा कंपनीत. दिवसभर लोकांचे अपघात वाचून त्याला बसल्या खुर्चीतही धोका दिसतो.

"आई, किल्ली दे."

"देते. आधी एकदा माझ्याबरोबर खाली चल. नाही पटलं तर खुशाल विकून टाक."

मधल्या काळात मास्तरांनी तिच्याकडून सगळं पुन्हा घोटून घेतलं होतं. दोन टायर झिजले होते, तिने चारही बदलले. "एक म्हातारं, एक तरणं, असं जुंपलं की गाडीच्या पोटात दुखतं," हे मास्तरांचं वाक्य ती आता स्वतःचं म्हणून सांगते.

त्या सकाळी रस्ता ओलाच होता. मागे अंड्यांचे ट्रे खच्चून भरलेले, म्हणून शेवटचा ट्रे मुलाच्या मांडीवर. उताराच्या तोंडाशीच मावशीने दुसरा गिअर टाकला आणि क्लचवरचा पाय काढून घेतला. इंजिन घुरघुरलं, गाडी आवरून चालू लागली.

"आई, क्लच दाब! इंजिन ओरडतंय!"

"ओरडू दे. त्यानेच तर गाडी धरून ठेवलीय. क्लच दाबला की त्याचा हात सुटला. लहानपणी तू भर रस्त्यात माझा सोडायचास तसा."

वळणाच्या आधी, रस्ता सरळ असतानाच, तिने ब्रेक हलकेच दाबला, सोडला आणि मग चाक वळवलं. वळणापलीकडे पुढे चाललेला दुधाचा टँकर अचानक थांबला. मावशीने भलंमोठं अंतर राखलं होतं, गाडी अलगद उभी राहिली. मुलाने मात्र नसलेल्या ब्रेकवर दोन्ही पाय हाणले आणि ट्रे छातीशी कवटाळला.

कच्च!

बेकरीवाल्याने ट्रे उतरवून घेतले. मागचं एकही अंडं फुटलेलं नव्हतं. मुलगा पिवळ्याधमक शर्टात उभा.

"ही अंडी कुणी फोडली?" बेकरीवाल्याने विचारलं.

"मी," मुलगा म्हणाला. मग आईकडे वळला, "परत जाताना चढावर थांबावं लागलं तर?"

"हँडब्रेक ओढायचा, इंजिनाने भार घेतला की सोडायचा. म्हणजे गाडी मागे येत नाही."

तो जरा वेळ शर्ट पुसत राहिला. मावशी किल्ली मुठीत धरून उभी होती. त्याने हात पुढे केलाच नाही.

"मी इथूनच ऑफिसला जातो. पोचलीस की फोन कर."

"करते."

"गाडी थांबवून कर!"