देवाचा फोटो आणि नऊ सेकंद

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये एका कापडाच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक खोली, तीन कम्प्युटर आणि आमचे सिंधी शेठ. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. तिथल्या व्यापाऱ्यांना अचानक वेबसाइट हवीशी वाटू लागली होती आणि शेठ ती बनवून देत. बनवणारे आम्ही दोघं: अंबरनाथहून येणारा मी, आणि बदलापूर गावातून येणारी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी एक मुलगी.

त्या वर्षी काम आटलं. त्यात एका फर्निचरवाल्याची तक्रार आली की त्याचं पान उघडायला फार वेळ लागतो. शेठनी आम्हा दोघांना ते पान वेगवेगळं बनवायला लावलं आणि वर सांगून टाकलं की महिनाभर मोजा, ज्याचं लवकर उघडेल तो राहील, दोघांना ठेवणं आता परवडत नाही. मला दुसरीकडे कुठेतरी काम मिळालं असतं. तिला घरून या एकाच नोकरीची परवानगी होती. ही सुटली की लग्न, हे तिच्या वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

मोजायचं काम मी आपणहून घेतलं, कारण दुसऱ्या कुणाच्या मोजण्यावर माझा विश्वास बसत नाही. आजही बसत नाही. भावाचं स्टॉपवॉच आणलं, एक शंभर पानी वही घातली. मागच्या गल्लीत जीन्स शिवायची मशिनं अकराला सुरू झाली की व्होल्टेज पडायचं आणि मोडेम मान टाकायचा, म्हणून मोजणी दहालाच. अँटीव्हायरस बंद, गाणी उतरवणं बंद. ब्राउझरने कालचं काही साठवून ठेवलं असेल तर तेही रोज पुसायचं. दोन्ही पानं माझ्याच मशीनवर, एकापाठोपाठ, एकेकदाच. तिला शेजारी उभं करून आकडा दाखवायचो आणि विचारायचो, बरोबर आहे ना? ती मान हलवायची. माझं पान नऊ सेकंदांत उघडायचं, तिचं तेरा.

माझ्या पानात एक लबाडी होती, जी मला तेव्हा हुशारी वाटायची. फर्निचरवाला आणि शेठ एकाच देवाचे भक्त. आमच्या घरी बुद्धाच्या तसबिरीखेरीज काही नाही, पण मी पानाच्या डोक्यावर त्यांच्या देवाचा भलामोठा फोटो चढवला. शेठ जाम खूश झाले. बोहनी म्हणजे दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक. शेठनी ती कम्प्युटरलाही लावली. सकाळी आपल्या मशीनला अगरबत्ती ओवाळली की पहिलं माझं पान उघडायचे, हात जोडायचे आणि मगच चहा सांगायचे. तिच्या पानावर नुसते सोफे होते.

चौथ्या आठवड्यात शेठ लग्नासाठी तीन दिवस बाहेरगावी गेले. चावी माझ्याकडे. इंटरनेटची लाइन शेठच्या मशीनमधून आमच्याकडे यायची, म्हणून तेवढं मी चालू केलं. अगरबत्ती वगैरे आपल्याला जमत नाही. दहाला मोजलं. तिचं तेरा, माझं एकवीस. मी आकड्यापुढे ‘लाइन खराब’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेरा आणि एकवीस, पुन्हा ‘लाइन खराब’. ही लाइन फक्त माझ्याच पानाला कशी खराब होते, हा प्रश्न मला तिसऱ्या दिवशी पडला, यावरून काय ते समजा.

त्या दिवशी मी ब्राउझर पुन्हा पुसून माझं पान लगेच दुसऱ्यांदा उघडलं. नऊ सेकंद. मग डोक्यात प्रकाश पडला. शेठचं मशीन एकदा आणलेलं पान दिवसभर जवळ ठेवायचं आणि पुन्हा कुणी मागितलं की बाहेर न जाता तिथूनच द्यायचं, वाण्याने गोदामात न जाता फळीवरचाच पुडा काढून द्यावा तसं. रात्री बंद करताना ते सगळं पुसलं जायचं. ही सोय मीच बसवलेली. म्हणजे महिनाभर शेठची बोहनी माझं पान फळीवर आणून ठेवत होती आणि तिचं पान रोज गोदामातून येत होतं. फोटोमुळे माझं पान खरं तर जड झालं होतं, आणि त्याच फोटोमुळे ते जिंकत होतं.

खोटं बोलायचं मला फारसं वावडं नव्हतं. पण माझी वही खोटी निघाली याची मनापासून लाज वाटली, आणि तरीही तो अख्खा दिवस मी गप्प बसलो. शेठ परतले त्या सकाळी मात्र तिच्यासमोरच सगळं सांगून टाकलं. शेठना ते पटेना.

“भगवान का फोटो है, जल्दी खुलेगा ही ना,” ते म्हणाले. “इसमें गलत क्या है साईं?”

मी म्हटलं, मग उद्या तिच्या पानाने बोहनी करून बघा. देव नसलेल्या पानाने बोहनी करायला ते तयार होईनात. शेवटी ठरलं की आठवडाभर आधी मोजणी, मग बोहनी. रोज तेरा आणि एकवीस. शनिवारी शेठनी मला बोलावून खांद्यावर हात ठेवला, तेव्हाच मी समजलो.

वाईट वाटलं. आपल्याच हाताने नोकरी घालवली म्हणून स्वतःचा रागही आला. पण त्याखाली थोडा मोठेपणाही वाटत होता, तो लपवणार नाही. सामान आवरताना मी तिला म्हटलं की आधी कळलं असतं तर आधीच सांगितलं असतं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. “म्हणजे तुला खरंच माहीत नव्हतं?”

पहिल्याच आठवड्यात, बोहनीआधी शेठ अगरबत्तीसाठी काडेपेटी शोधत असताना, तिने आपल्या मशीनवर माझं पान उघडून पाहिलं होतं. एकवीस सेकंद.

“मला वाटलं, शेठनी रोज तुझंच पान आधी उघडावं, त्यासाठीच तू तो फोटो टाकलास,” ती म्हणाली.

मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं.

“वही तुझी, घड्याळ तुझं, लाइन तू बसवलेली. आणि वर रोज मलाच विचारायचास, बरोबर आहे ना. काय बोलणार होते मी?”

मी वही तिच्या टेबलावर ठेवली. तिने ती न उघडता बाजूला सरकवली आणि कामाला लागली.