आमच्या वाचनालयाच्या सभासद पुतळाबाई

कुळगावच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो तेव्हा एकशे बारा सभासद होते. त्यांतला खरा वाचक कोण असं कुणी विचारलं, तर मी पुतळाबाईंचं नाव घेतो. त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं. यावर ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. मीही हसलो होतो, आणि ते मला चांगलंच महागात पडलं.

हे चोपन्न सालचं. पुतळाबाई पन्नाशीच्या, विधवा, मूलबाळ नाही. दोन म्हशी आणि अंबरनाथच्या बाजूला नवऱ्यामागे राहिलेलं एक शेत, एवढा संसार. गावातल्या इतरांच्या जमिनींबरोबर ते शेतही कारखान्यासाठी गेलं आणि हातात साडेतीन हजार रुपये भरपाई आली. उरलेला जन्म त्याच पैशावर काढायचा होता. तीन-चार वर्षांपूर्वी उल्हासनगरला एक नवी बँक उघडली होती. तिचं नाव मी लिहीत नाही, मॅनेजरचे नातू अजून बाजारात भेटतात. पोस्टाच्या दुप्पट व्याज, गुळगुळीत संगमरवरी काउंटर, आणि आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष विष्णुपंत तिची शिफारस करत गावभर हिंडत. पंत सज्जन माणूस. त्यांची स्वतःची पुंजी तिथेच होती. माझीही होती, म्हणजे माझी कसली, माझ्या बायकोने, कुमुदिनीने सहा वर्षं लोकांचं शिवणकाम करून जमवलेले अकराशे. धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर गावातली निम्मी भरपाई त्या काउंटरवर जायची ठरली होती.

भाद्रपदातल्या एका दुपारी पुतळाबाई वाचनालयाच्या दारात उभ्या राहिल्या. "मास्तर, तुमच्या बुकांत त्या बँकंचं काय लिवलंय, तेवढं मना वाचून दावा."

"त्यासाठी सभासद व्हावं लागतं," मी म्हणालो. बला टळली असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी अनामतीचे दोन रुपये आणि वर्गणीचे चार आणे टेबलावर आले. सभासदाला वाचता आलं पाहिजे असं नियमांत कुठेच नव्हतं. मी दोनदा तपासलं.

पैसा आणि बँका या विषयावर आमच्याकडे एकच जाडजूड पुस्तक होतं. ते कुणी उघडलेलंच नव्हतं. काही पानं छापखान्यातून आली तशीच जोडलेली होती, ती सुरीने कापावी लागली. दर गुरुवारी मी जांभया देत वाचायचो आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. डुलकी लागली असं वाटावं, तोच प्रश्न यायचा. "लोकांचं पैसं बँक दुसऱ्याला देते. मग सगली एकदम मागाय आली तर?" या प्रश्नाचं उत्तर लेखकाने पुढे सहा पानांनी दिलं होतं. तेव्हापासून माझ्या जांभया थांबल्या.

तिसऱ्या दुपारी वाक्य आलं की प्रत्येक बँकेला दरवर्षी आपला ताळेबंद छापावा लागतो. "मंग ह्या बँकंचा कुटं हाय?" मी यंदाचा ताळेबंद छापलेलं वर्तमानपत्राचं पान काढलं. बावीस लाखांच्या ठेवी, वर नफा. मी खूश झालो. पुतळाबाई झाल्या नाहीत.

"म्हस इकनारा आदल्या सांजंला दूध काढीत नाय," त्या म्हणाल्या. "सकालला कास भरलेली दिसते. आमी तीन दिस बगतो. आदली दोन सालं काडा."

आदली दोन सालं कुठून काढणार? जुनी वर्तमानपत्रं आम्ही दर महिन्याला रद्दीत विकायचो. पण जाहिरातींची आणि आकड्यांची पानं कुणी वाचत नाही, म्हणून ती मात्र मी ठेवून घ्यायचो आणि पुस्तकांना कव्हरं घालायचो. माझ्या या काटकसरीचं कार्यकारिणीने कौतुक केलं होतं. म्हणजे त्या बँकेचा इतिहास आमच्या नऊशे पुस्तकांच्या अंगावर होता.

आम्ही शोधायला लागलो. मी कव्हरावरची नावं वाचत बसलो होतो. पुतळाबाईंनी यंदाच्या पानावर बँकेचा हत्तीचा छाप नीट पाहून घेतला आणि कपाटामागून कपाट त्या हत्तीसाठी धुंडाळलं. बावन्न सालचा ताळेबंद त्यांना एका स्तोत्रसंग्रहावर सापडला. त्रेपन्नचा वरचा अर्धा भाग एका कादंबरीवर निघाला. खालचा अर्धा मी घातला होता, मला आठवलं, विष्णुपंतांनी सात महिन्यांपूर्वी नेलेल्या पोथीवर. पुतळाबाई सरळ पंतांच्या ओसरीवर गेल्या. "पोथी ऱ्हाऊ द्या पंत, कवर द्या." पंतांनी दिलं. अध्यक्षाकडे पुस्तक सात महिने अडकलंय हे चारचौघांत निघण्यापेक्षा कव्हर देणं त्यांना परवडलं.

मग मी तिन्ही वर्षांचे आकडे वाचले आणि त्यांनी लाखाला एक याप्रमाणे जमिनीवर चिंचोके मांडले. ठेवींची ओळ वाढत गेली: नऊ, चौदा, बावीस. हातातली रोकड दोन चिंचोक्यांवरून एकावर आली. आणि एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत, संचालकांना व त्यांच्या पेढ्यांना दिलेलं कर्ज: एक, चार, नऊ.

"दूध वाढलं," पुतळाबाई म्हणाल्या, "पर पितात घरचीच वासरं."

त्यांनी आपले पैसे पोस्टात ठेवले. गावातल्या सगळ्यांना सांगितलं, चार-पाच घरांनी ऐकलं. विष्णुपंत चिडले. म्हणाले, आता म्हशी राखणाऱ्या बँका तपासणार! मला मात्र पुतळाबाईंनी वेगळं गाठून सांगितलं, "मास्तर, तुमच्या बाईंचं पैसं काडून घ्या."

"अहो पुतळाबाई," मी म्हणालो, "ती बँक शिकलेली माणसं चालवतात."

हे वाक्य मी बोललो. सगळे आकडे माझ्याच तोंडाने वाचून झाल्यावर बोललो. पुढच्या गुरुवारी त्या नेहमीप्रमाणे त्याच पुस्तकाचं पुढचं प्रकरण ऐकायला येऊन बसल्या. त्या वाक्याची लाज मला आजही वाटते.

छप्पनच्या मार्गशीर्षात बँकेने दार लावलं. बातमी मी वाचनालयातच, फळीवर वर्तमानपत्र लावताना वाचली. अकराशे रुपये. कुमुदिनीच्या बोटांना सुईने पडलेले घट्टे मला दिसायला लागले. उठून घरी जाण्याची हिंमत होईना. सभासद येणार, वाचनालय बंद कसं ठेवायचं, हा बहाणा करून मी खुर्चीला चिकटून राहिलो.

दुपारी पुतळाबाई आल्या. गावात त्यांना कळलंच होतं. आता ऐकवतील, मी मान खाली घातली. ऐकवण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता.

"बाईंना सांगितलंत काय?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

"मंग पयले घरी जा. दुसऱ्या कोनाच्या तोंडून कलायच्या आदी जा. हितं मी बसते."

आणि त्या माझ्या टेबलापाशी जाऊन बसल्या. मी घरी गेलो, सांगितलं. कुमुदिनी खूप रडली. संध्याकाळी परत आलो तेव्हा वाचनालय उघडंच होतं, माणसं वाचत बसली होती. दुपारपासून सात पुस्तकं बाहेर गेली होती. कोणतं पुस्तक कुठल्या कपाटातलं आणि ते कुणी नेलं, पुतळाबाईंनी मला एकेक करून सांगितलं, आणि मी ते नोंदवहीत लिहून घेतलं.