हिलाल मिस्त्रीचा तळहात

सुरतेतल्या नवागाममध्ये गाडीत साउंड बसवायचा तर हिलाल मिस्त्रीकडे, हे कुणाला सांगावं लागत नसे. दिंडोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक शटर, त्याच्यापुढे एक गाडी कशीबशी मावेल एवढी जागा, आणि त्या गाडीच्या डिकीत कमरेपर्यंत शिरलेला एक माणूस. बाहेरून फक्त पाय दिसायचे. गिऱ्हाईक त्या पायांशीच बोलायला लागायचं आणि पाय काही उत्तर द्यायचे नाहीत. मग ते गिऱ्हाईक चार जणांत सांगायचं, मिस्त्री कामात असला की कुणाला भीक घालत नाही, पण हात सोन्याचा आहे, एवढा तोरा त्याला शोभतो.

तोरा कसला डोंबलाचा! हिलालला ऐकूच येत नव्हतं.

मिसरूड फुटायच्या आधी तो शिरपूरकडून सुरतेत आला आणि बमरोलीच्या एका लूमच्या कारखान्यात उभा राहिला. त्या खटखटीत कुणी ओरडून बोलत नाही, कारण ओरडलेलंही पलीकडच्या मागापर्यंत पोचत नाही. माणसं एकमेकांचे ओठ वाचतात, हातांनी खुणा करतात. मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर, त्यामुळे माग थांबला की पोट थांबलं. अर्धं आयुष्य त्या शेडमध्ये गेलं. रविवारी सुट्टीला तो एका स्पीकर दुरुस्त करणाऱ्याकडे बसायचा, तिथे हात बसला, आणि एक दिवस त्याने लूम सोडून स्वतःचं शटर उघडलं. लूम सुटला, पण लुमाने जाताना आपला हिस्सा नेला. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी गेली. मग बायकोचा आवाज गेला. उरला तो फक्त खालचा जाड आवाज, आणि तोही कानाने नव्हे, हाडांनी कळणारा.

म्हणून काम झालं की हिलाल स्पीकरच्या बॉक्सवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि मान डोलवायचा. लोकांना ती कलाकारी वाटे. पोरं त्याचे व्हिडिओ काढत. हिलाल मनातून पार घाबरलेला असे. आचाऱ्याची जीभ गेली हे कळल्यावर पंगतीला कोण बसेल? बहिरा माणूस साउंड बसवतो, हे एकदा बाहेर फुटलं की शटर खाली ओढायचं आणि पुन्हा कुणाच्या तरी मागावर जाऊन उभं राहायचं, आणि या वयात मागावर तरी कोण उभं करणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत त्याने ती मूठ घरातही उघडली नव्हती. सरलाबाईला, त्याच्या बायकोला वाटायचं, नवरा आपल्याकडे लक्ष देत नाही. त्यावरून भांडणं व्हायची. ती भांडणं त्याला परवडत होती.

श्रावणात कानबाई बसते तेव्हा नवागाममधल्या खानदेशी गल्ल्या झोपत नाहीत. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसवायची, रोटांचा नैवेद्य करायचा आणि सोमवारी वाजतगाजत पाण्याकडे न्यायची. हिलालच्या भाऊबंदकीचा एक कडक नेम होता. चौरंगावरून देवी एकदा डोक्यावर घेतली की पाण्यापर्यंत मध्ये कुठेही टेकवायची नाही. बायका आळीपाळीने डोकं देतात, पण देवी खाली येत नाही. या वर्षी निघताना पहिला मान सरलाबाईचा होता.

साउंडचा मान अर्थात हिलालचा. पुतण्या लखनने आपली सीएनजीची व्हॅन दिली होती. लखन चार वर्षं लुमावर काढून नुकताच भाड्याची गाडी चालवायला लागला होता. तोंडाने तेज, हाताने त्याहून तेज, आणि धीर मात्र तोळाभरही नाही. रविवारी दुपारी हिलालने मागच्या सीटच्या पाठीला ॲम्प्लिफायर ठोकला, डिकीत दोन सबवूफरचे बॉक्स बसवले आणि मीटर हातात घेतलं.

हे मीटर म्हणजे त्याचे खरे कान. ते खोटं बोलत नाही आणि पुटपुटत तर नाहीच. स्पीकरची कॉइल विजेला जो अडथळा करते, तो ओममध्ये मोजतात. कापड मार्केटच्या उतारावर साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेली हातगाडी उतरते तेव्हा मागून दोघं धरून असतात, तसा हा अडथळा. धरणारे कमी झाले की गाडी सुसाट सुटते. लखनच्या ॲम्पला दोन ओमच्या खाली चालत नव्हतं. प्रत्येक सबवूफरला दोन-दोन ओमच्या दोन कॉइल. हिलालने आधी त्या एकीमागे एक जोडल्या, झाले चार. मग असे दोन बॉक्स शेजारी शेजारी जोडले, झाले बरोबर दोन. मीटरने दोन दाखवले, तळहाताने होकार दिला आणि हिलाल शांत मनाने रोट खायला बसला.

सोमवारी सकाळी मिरवणूक निघाली. पुढे व्हॅन, तिच्या मागे हातभर अंतरावर सरलाबाई, डोक्यावर दागिन्यांनी मढलेली कानबाई, तिच्याभोवती फुगड्या घालणाऱ्या पोरीबाळी, आणि सगळ्यांच्या मागे भाऊबंदकीतले पुरुष. हिलाल त्यांच्यात चालत होता. चार पावलं गेल्यावर त्याच्या छातीत काहीतरी खटकलं. ठोका जड येत होता. काल बसवला होता त्याहून जड, आणि त्याला एक घरघर होती. आपलं मन घाबरट झालंय, असं म्हणून तो आणखी थोडं चालला. तेवढ्यात व्हॅनचे दिवे दिसले. मानासाठी लखनने भर सकाळी दिवे लावले होते, आणि प्रत्येक ठोक्याला ते दिवे विझायला टेकत होते.

हिलाल बायकांच्या गर्दीतून वाट काढत डिकीपाशी पोचला. आत दोन नव्हे, चार बॉक्स होते.

चार म्हणजे एक ओम. त्याला हिशेब करायलाही वेळ लागला नाही. त्याने ॲम्पवर तळहात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. तापल्या तव्यावर ठेवल्यासारखं झालं. त्या ॲम्पच्या शेजारीच, सीटच्या मागे, सीएनजी गॅसची बाटली होती. आणि बाटलीपासून दोन हातांवर सरलाबाई, डोक्यावर देवी, डोळे अर्धे मिटलेले, अंगात वारं आल्यासारखी चालत होती.

तो धावत पुढे गेला आणि लखनच्या खिडकीवर थाप मारली. "हाई काय करी ठेवं? चार बॉक्स कोणी जोडात?"

लखनने हसत तोंड त्याच्याकडे वळवलं. हिलालची नजर त्याच्या ओठांवर खिळली. "मीच जोडात, काका! मना दोस्त विकासनी गाडीमधला शेतस. दोन वाजतस, त चार जास्त वाजतीन ना!"

गल्लीत सगळेच असं समजतात. एका तारेवर आणखी एक बल्ब लावला तर तोही पेटतो, मग आणखी बॉक्स का नाही वाजणार? नाकापेक्षा मोती जड होतो, हे बल्बाला ठाऊक नसतं.

"फ्यूज उडना नही का?"

"उडना व्हता सकायले. मी तार गुंडाळी दिधी." लखन हे अभिमानाने सांगत होता.

लुमाच्या शेडमध्ये ही रीतच होती. फ्यूज उडाला की माग थांबतो, माग थांबला की मजुरी थांबते, म्हणून जो तो उडालेल्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळून माग चालू करायचा. तिथे कुणी फ्यूजला राखणदार समजत नाही. तो मुकादमाचा माणूस, कामात खोडा घालणारा. ही सवय लखनच्या हातात तिथेच भिनली होती.

"गाडी बंद कर. ॲम्प दोनना शे, एक ओम व्हयी गया. आग लागी जाई."

"अरे काका, टेन्शन मत लो." लखनने हात उडवला. "आवाज एकदम साफ शे. तुम्हीच आयका ना!"

झालं. एवढंच नेमकं हिलालला येत नव्हतं. ॲम्प मरायला टेकला की आवाज आधी फाटतो, हे त्याला दुसऱ्याने सांगितलेलं होतं, आणि तो फाटलाय की नाही हे त्याला कळायला मार्ग नव्हता. आता व्हॅनच्या दोन्ही बाजूंना भाऊबंद जमले. मिरवणूक अडली होती आणि सरलाबाई डोक्यावरचा भार सांभाळत जागच्या जागी पाय हलवत होती. सगळ्यांत वडीलधारे उखानाना पुढे आले. बमरोलीच्या त्याच शेडमध्ये त्यांनी हिलालला तुटल्या धाग्याला गाठ मारायला शिकवली होती.

"हिलाल, कानबाई डोकावर शे," नाना म्हणाले. "आते बंद करानं नही. आवाज त ब्येस शे."

त्यांच्या मागच्या दोघांनी मान हलवली. ब्येस शे. तिसऱ्यानेही हलवली. सगळी भाऊबंदकी एका बाजूला आणि हिलाल एका बाजूला. मिस्त्री तू आहेस, तूच ऐक आणि सांग, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं.

सुटकेची वाट अगदी सोपी होती. बॉक्सवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे, मान डोलवायची. हजार वेळा केलं होतं. मूठ झाकलेली राहिली असती, शटर उघडं राहिलं असतं, आणि कदाचित ओवाऱ्यापर्यंत, नदीच्या घाटापर्यंत, काही झालंही नसतं. कदाचित. हिलालने मागे पाहिलं. एक फुगडी घालणारी पोर गिरकी घेत घेत डिकीला टेकली होती.

त्याने पलीकडचं दार उघडलं आणि शेजारची सीट उचलली. खाली बॅटरी, आणि फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचा गुंता. तो लाल झाला होता. हिलालने खांद्यावरचा रुमाल हाताला गुंडाळला, तोच लखनने त्याचं मनगट धरलं. लखनचा चेहरा रागाने फुलला होता. सगळ्या भाऊबंदकीसमोर काका आपली गाडी बंद पाडतोय, हे त्याला सोसवत नव्हतं.

"आवाज साफ शे त कसाले बंद करतस?"

"माले आयकू येस नही!"

आपण किती मोठ्याने ओरडलो हे हिलालला कळलं नाही. समोरचे चेहरे एकदम थिजले, त्यावरून अंदाज आला.

"मी बहिरा शे, लखन. आवाज साफ शे का फाटेल शे, माले काय बी कळस नही. किती तरी सालपासून कळस नही. पन हाई तार जळी राहिनी, हाई माले दिसस."

लखनची पकड सैल झाली. हिलालने तारेचा गुंता हिसडून काढला. रुमाल जळला, तळहात पोळला, पण गुंता हातात आला. दाराचा पत्रा थरथरायचा थांबला. फुगडीतल्या पोरींचे हात सुटले, आणि त्यावरून त्याला कळलं की आवाज गेला.

लखन गाडीतून उतरून मागे आला. त्याने पायाखालची चटई उचलली. बॅटरीपासून ॲम्पकडे जाणाऱ्या जाड तारेवरचं रबर वितळून काळं झालं होतं, आणि बाटलीच्या पट्ट्यापाशी तर तार उघडी पडून पट्ट्याला टेकायच्या बेतात होती. लखनने बायकांना हात जोडून मागे सरकायला सांगितलं आणि स्वतः तिथेच रस्त्यावर मटकन खाली बसला.

हिलाल पोळलेला हात छातीशी धरून उभा होता. आता हसतील, असं त्याला वाटलं. आजपासून लोक आपल्याला बहिरा मिस्त्री म्हणतील, उद्या शटरपुढची जागा रिकामी राहील. त्याने मान वर केली ती उखानानांकडे पाहायला भीत भीतच. नाना त्याच्याकडे पाहत नव्हते. ते जमिनीकडे पाहत होते. मग त्यांनी तोंड त्याच्यासमोर आणलं आणि शेडमध्ये बोलायचे तसे ओठ सावकाश हलवले.

"माले बी येस नही, हिलाल."

"मंग आवाज ब्येस शे म्हने ना तू?"

"सगळा म्हनी राह्यंतात, म्हनीसन मी बी म्हनं."

हिलालने नानांच्या मागच्याकडे पाहिलं. त्याने डाव्या कानाला बोट लावलं आणि हात उडवला. त्याच्या शेजारच्याने दोन्ही कानांना लावलं. तिसरा नुसताच ओशाळं हसला. घटकेपूर्वी आवाजाची ग्वाही देणारी ती सगळी पंचायत लुमाच्या शेडमधून आली होती, आणि एकालाही धड ऐकू येत नव्हतं. हिलालला संताप आला, हसू आलं, आणि मग डोळेच भरून आले.

व्हॅन बाजूला लावली. देवी खाली टेकवायची नव्हती, त्यामुळे थांबायचा प्रश्नच नव्हता. बायकांनी टाळ्या धरल्या आणि गाणं उचललं, तसं ते खानदेशात बॉक्सशिवाय उचलतात. सरलाबाई तापीच्या ओवाऱ्याच्या दिशेने चालू लागली. मागे म्हातारे पुरुष निघाले, पुढच्या बायकांच्या पाठी दिसत होत्या, ओठ दिसत नव्हते, म्हणून थोडे चाचपडत.

"कोनतं गाणं शे?" हिलालने लखनला सगळ्यांसमोर विचारलं.

लखन त्याच्यापुढे आला, उलटा चालायला लागला आणि एकेक ओळ ओठांनी सांगू लागला. तेव्हा नानाही सरकत जवळ आले आणि त्यांच्या मागचे दोघंही.